कोटीची स्पोर्ट्स कार घेताना शोरूमकडून काय काय लिहून घ्यावं?

हिराबागवाला

आयात होऊन येणारी दोन दारांची पेट्रोल गाडी घ्यायची आहे. एक्स-शोरूम एक कोटीच्या आसपास, वैयक्तिक नावावर, पासिंग एमएच १२. निम्मी रक्कम स्वतःची, उरलेलं कर्ज. यादीत सगळ्यात वर बीएमडब्ल्यू एम२, मॅन्युअल. पण अजून पक्कं काही नाही.

गाडीबद्दल वाचायला हवं तेवढं मिळतं. अडतं ते शोरूमच्या टेबलावर. कोटेशन नीट वाचायचं कसं, कशाला नाही म्हणता येतं, बुकिंगच्या वेळी काय लिहून घ्यायचं आणि ताब्यात घेण्याआधी गाडी तपासायची कशी? ‘आज टोकन टाका, नाहीतर गाडी दुसऱ्याला जाईल’ आणि ‘इन्शुरन्स आमच्याकडूनच’ यांत खरं किती आणि दबाव किती, हेही जाणकारांनी सांगावं. ‘एवढे पैसे आहेत तर हिशेब कशाला’ हा सल्ला कृपया नको, तो घरून मिळाला आहे.

पासिंगची फाईल

आधी आकडे. ऑन-रोड किमतीतला गाडीखालोखाल मोठा आकडा शोरूमच्या हातात नसतोच, तो आरटीओचा असतो. तो स्वतः काढता आला की बाकीच्या कोटेशनमधली हवा आपोआप दिसते.

महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला एकरकमी टॅक्स १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ आणि त्यापुढे १३. पण पूर्ण तयार होऊन बाहेरून आलेल्या, म्हणजे सीबीयू गाडीला सरसकट २० टक्के. कंपनीच्या नावावर घेतलेल्या गाडीलाही २०, मग ती चाकणची असो की जर्मनीची. कमाल मर्यादा १ जुलै २०२५ पासून २० लाखांवरून ३० लाखांवर गेली. त्यामुळे एक कोटीच्या सीबीयूला २० लाख आणि तेवढ्याच किमतीच्या, इथे जोडलेल्या गाडीला १३ लाख. सात लाखांचा फरक फक्त ‘आयात’ या शब्दाचा. गंमत म्हणजे दीड कोटीच्या आयात गाडीला ३० लाख भरावे लागतात आणि अडीच कोटींचीला पण ३०च.

मग टीसीएस, म्हणजे शोरूमने तुमच्याकडून घेऊन सरकारकडे भरायचा आयकर. दहा लाखांवरच्या गाडीवर १ टक्का, तुमच्या बाबतीत एक लाख. हा खर्च नव्हे. पॅन नंबर बरोबर दिला असेल तर आयकर पोर्टलवरच्या तुमच्या टॅक्स विवरणात दिसतो आणि रिटर्न भरताना वळता होतो. पॅनमधलं एक अक्षर चुकलं तर मात्र वर्षभर शोरूमच्या अकाउंट्सवाल्याच्या मागे लागावं लागतं, म्हणून बिल होण्याआधी ते एकदा डोळ्यांखालून घाला.

जीएसटी एक्स-शोरूममध्येच असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून या वर्गातल्या गाड्यांना ४० टक्के जीएसटी आहे आणि वेगळा सेस गेला. त्याआधीचं कुणाचं कोटेशन हाताशी असेल तर तुलनेला घेऊ नका. गाडीच्या किमतीखाली पुन्हा जीएसटीची ओळ दिसली तर कशावर लावला ते विचारा. तो बहुधा अ‍ॅक्सेसरीज किंवा कोटिंगवर असतो आणि त्या गोष्टी तुम्ही मागितलेल्याच नसतात.

नोंदणी शुल्क साध्या मोटारीला ६०० रुपये, आयात गाडीला ५,०००. कर्जाचा बोजा चढवायचे १,५००. स्मार्ट कार्ड, टपाल वगैरे किरकोळ. ‘आरटीओ मिसलेनियस’ म्हणून पाच आकडी रक्कम लिहिलेली असेल तर पावती कशाची मिळणार एवढंच विचारा. हँडलिंग, लॉजिस्टिक्स, डेपो चार्जेस, ‘एसेन्शियल किट’ यांपैकी काहीही कायद्याने बंधनकारक नाही. लेखी विचारलं की यातल्या निम्म्या ओळी पुढच्या कोटेशनमध्ये दिसत नाहीत, असा या धंद्याचा रिवाज आहे.

पसंतीचा नंबर हवा असेल तर तो परिवहनच्या पोर्टलवर तुमचा तुम्ही घ्या. ऑगस्ट २०२४च्या दरवाढीनंतर पुण्यात चारचाकीच्या ०००१ ला सहा लाख पडतात. बाकीचे नंबर उतरत्या दराने. शोरूममार्फत घेतला तर सरकारी पावतीची रक्कम आणि तुमच्याकडून घेतलेली रक्कम ताडून पाहा.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला ‘ऑन-रोड अमुक’ हा आकडा म्हणजे कोटेशन नव्हे. लेटरहेडवर प्रोफॉर्मा, म्हणजे बिलाआधीचा तपशीलवार मसुदा, मागा. त्यावर एक्स-शोरूम, टॅक्स, टीसीएस, इन्शुरन्स कंपनीचं नाव आणि आयडीव्ही (विम्याने धरलेली गाडीची किंमत), शुल्क आणि अ‍ॅक्सेसरीज हे सगळं वेगवेगळ्या ओळींत हवं.

सरळ सहा

वरच्या प्रतिसादाला जोड. टेबलापलीकडे बसलेल्या माणसाच्या हातात काय आहे हे कळलं की घासाघीस सोपी होते.

सेल्स कन्सल्टंट टेस्ट ड्राइव्ह लावू शकतो, मॅट्स आणि किरकोळ अ‍ॅक्सेसरीज घालून देऊ शकतो. किमतीत सूट देणं त्याच्या हातात नाही, ते सेल्स मॅनेजरकडून येतं आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात किंवा तिमाही संपताना जास्त सहज येतं. अलॉटमेंट, म्हणजे कुठली गाडी कुणाला, हे कंपनीकडून ठरतं. फायनान्स डेस्कचा माणूस कर्ज आणि विमा दोन्ही विकतो आणि शोरूमची बरीच कमाई तिथेच होते, त्यामुळे गाडीवर सूट मिळाली की ती तिथे परत वसूल होत नाही ना, ते बघा. मर्सिडीजचं गणित वेगळं: ऑक्टोबर २०२१ पासून त्यांच्या गाड्यांचं बिल थेट कंपनी करते, देशभर एकच किंमत. तिथे शोरूमवाल्याशी किमतीवर भांडणं म्हणजे वाया गेलेली दुपार.

‘गाडी दुसऱ्याला जाईल’ हे कधी कधी खरंही असतं, कारण अशा सीबीयू गाड्या थोड्याच येतात. ओळखायचं कसं? एकच प्रश्न विचारा: ‘चॅसी नंबर अलॉट झालाय का?’ नंबर असेल तर गाडी कुठेतरी आहे. जहाजावर, बंदरात किंवा यार्डात. सतरा अंकी नंबर पूर्ण मागा. नंबर नसेल तर तुमच्याकडून फक्त रांगेचे पैसे मागितले जातायत. तेही देता येतील, पण रांगेत कितवे आणि मागे फिरलो तर किती दिवसांत पूर्ण परत, हे पावतीवर हवं.

बुकिंग फॉर्मच्या मागच्या बाजूचा बारीक मजकूर वाचा. जवळपास प्रत्येक फॉर्मवर ‘डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू’ असं कलम असतं. आयात गाडीत हे महाग पडतं, कारण युरो वर गेला की कंपन्या किमती वाढवतात आणि तुमची गाडी तेव्हा समुद्रात असते. कलम सहसा खोडून देत नाहीत. पण ‘किंमत वाढल्यास ग्राहक बुकिंग रद्द करू शकतो, पूर्ण रक्कम परत’ ही ओळ मॅनेजरच्या सहीने घालून मिळते. सोबत रंग, अपहोल्स्ट्री, गिअरबॉक्स, सीट्स, छप्पर यांची ऑप्शन यादी कोडसकट जोडा. मॅन्युअल लिहिलंय का ते दोनदा बघा. ऑर्डर एकदा लॉक झाली की गिअरबॉक्स बदलत नाही.

सगळा व्यवहार शोरूमच्या अधिकृत ईमेलवर करा. या धंद्यात माणसं वर्षा-दोन वर्षांत ब्रँड बदलतात. बुकिंग ते डिलिव्हरीच्या पाच महिन्यांत तुमचा कन्सल्टंट दुसरीकडे गेला तर त्याच्या फोनमधली आश्वासनं त्याच्याबरोबर गेली. पैसे फक्त प्रोफॉर्मावर छापलेल्या खात्यात. ‘खातं बदललंय’ असा मेसेज आला तर लँडलाइनवर फोन करून अकाउंट्सकडून खात्री करा. आणि दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख देऊ नका. घेणाऱ्यालाच तेवढाच दंड बसतो, त्यामुळे जो घ्यायला तयार होतो त्याच्या बाकीच्या कागदांवरही विश्वास ठेवता येत नाही.

भाव मिळण्यासाठी घड्याळ किंवा बूट लागत नाहीत. बँकेचं पूर्वमंजुरी पत्र पुरतं. मंगळवार-बुधवारी सकाळी अकराला वेळ घेऊन जा, शनिवारी संध्याकाळी नको. टेस्ट ड्राइव्हसाठी आधीच सांगून ठेवा की इंजिन थंड हवं. गरम करून ठेवलेल्या गाडीचं कोल्ड स्टार्ट ऐकता येत नाही आणि थंड गिअरबॉक्स पहिल्या-दुसऱ्याला कसा पडतो तेही कळत नाही. डेमो गाडी ऑटोमॅटिकच असेल तर मॅन्युअलचा क्लच कुठून तरी तपासा. विद्यापीठ चौकात संध्याकाळी सातला जो पाय दुखतो तो ब्रोशरमध्ये नसतो. टेस्ट ड्राइव्हच्या फॉर्मवर सही करताना नुकसान झाल्यास तुमची जबाबदारी किती रकमेपर्यंत, ती ओळ बघून घ्या.

मायक्रॉन

पीडीआय, म्हणजे ताबा घेण्याआधीची तपासणी, त्याबद्दल मी लिहितो. इथे क्रम महत्त्वाचा: आधी तपासणी, मग उरलेले पैसे, मग बिल आणि पासिंग. शोरूमला उलटा क्रम सोयीचा असतो. गाडी एकदा तुमच्या नावावर नोंदली गेली की दोष निघाला तरी ‘दुरुस्त करून देतो’ हेच उत्तर. बदलून मिळणं जवळपास अशक्य. म्हणून बुकिंगच्या वेळीच ईमेलवर घ्या की पीडीआय पास झाल्यावरच पूर्ण रक्कम.

यार्डात, उन्हात, सकाळी. शोरूमच्या दिव्यांखाली सगळ्याच गाड्या सुंदर दिसतात. आधीच सांगा की गाडी पॉलिश करू नका, नुसती धुवा. घाईत मारलेल्या पॉलिशने काळ्या-निळ्या रंगावर गोल ओरखडे उठतात आणि खालचं काही लपलं असेल तर तेही झाकलं जातं.

पेंट गेज घ्या, लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम दोन्ही वाचणारं. कारखान्याचा रंग साधारण ९० ते १५० मायक्रॉनमध्ये येतो. आकड्याहून सलगता बघा. सगळे पॅनल ११०-१२० आणि एकच मागचा क्वार्टर २४० दाखवत असेल तर वाहतुकीत घासला गेला आणि इथे रंगवला गेला, असं समजा. बंपर प्लास्टिकचे, तिथे गेज काही दाखवत नाही. एम२ला कार्बनचं छप्पर घेतलं असेल तर तिथेही नाही. यंत्र बिघडलं म्हणून घाबरू नका.

टायरच्या बाजूवर ‘डॉट’ (DOT) असं लिहिलेल्या कोडच्या शेवटी चार अंक असतात: ‘२३२५’ म्हणजे २०२५चा तेविसावा आठवडा. गाडीच्या निर्मिती महिन्याशी ताडा. चारही टायर एकाच कंपनीचे आणि ब्रँडच्या खुणेचे हवेत: बीएमडब्ल्यूला तारा, मर्सिडीजला ‘एमओ’, पोर्शेला ‘एन०’ किंवा ‘एन१’. निर्मितीचा महिना-वर्ष फॉर्म २२ वर असतं, तोच आरसीवर चढतो. जानेवारीत घेतलेली गाडी मागच्या वर्षीची निघाली तर विकताना एक वर्ष जास्त जुनी धरतात, त्यामुळे जुन्या वर्षाची गाडी असेल तर तशी सूट आत्ताच मागा.

आता दोन गोष्टी ज्या खूपदा राहून जातात. जहाजातून येताना टायरमध्ये नेहमीपेक्षा बरीच जास्त हवा भरलेली असते आणि काही गाड्यांच्या स्प्रिंगमध्ये वाहतुकीचे ठोकळे बसवलेले असतात. कार्यशाळेने ते काढायचे असतात. विसरले की गाडी दगडासारखी आपटते आणि ग्राहकाला वाटतं स्पोर्ट्स सस्पेन्शन असंच असतं! दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे हवा आणि ठोकळे काढल्याची नोंद जॉबकार्डवर मागा. तिसरी गोष्ट बॅटरी. गाडी महिनोन्महिने उभी असते. रात्रभर बंद असलेल्या गाडीच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर मीटर लावला तर १२.६ ते १२.८ यायला हवं. १२.२ आलं म्हणजे अर्धी रिकामी, आणि अशी वारंवार झाली असेल तर तिचं आयुष्य गेलेलं असतं. चार्ज करून दिलेली नको, बदलून मागा.

फॉल्ट मेमरीची (गाडीच्या संगणकाने नोंदलेल्या दोषांची) प्रिंट, बाकी राहिलेल्या कंपनी कॅम्पेनची (कंपनीने जाहीर केलेल्या दुरुस्त्यांची) यादी आणि कंपनीच्या सिस्टिममधली वॉरंटी सुरू झाल्याची तारीख, हे तिन्ही सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर पाच मिनिटांत काढून देतो. वॉरंटी आधीच सुरू झालेली असेल तर ती गाडी डेमो होती किंवा महिन्याचं टार्गेट भरायला आधीच विकलेली दाखवलेली. डेमो घेणं वाईट नाही, फक्त ती नवीन म्हणून नको. डिस्कवरचा तांबूस गंज मात्र निरुपद्रवी, चार ब्रेकमध्ये जातो. दोन चाव्या, टो हुक, टायर सीलंट आणि कंप्रेसर मोजून घ्या. स्टेपनी शोधू नका, नसते.

हिराबागवाला

फारच उपयोगी. दोन शंका. डिलिव्हरी दसऱ्याला हवी असं घरचं म्हणणं आहे. आणि आमच्या सोसायटीत यांत्रिक पार्किंग आहे, खालच्या पॅलेटची जागा माझी. शोरूममध्ये विचारलं तर ‘सर, काही प्रॉब्लेम येणार नाही’ म्हणतात.

मायक्रॉन

दसऱ्याला घ्या, पण पीडीआय तीन-चार दिवस आधी उरका आणि पासिंगही. त्या दिवशी शोरूममध्ये रांगेने डिलिव्हऱ्या असतात. कुणाला पंधरा मिनिटं मिळतात तर कुणाला दहा. नंबर प्लेट लागल्याशिवाय ताबा घेऊ नका, मुहूर्त कितीही चांगला असला तरी. लिंबू चाकाखाली ठेवायला हरकत नाही. नारळ मात्र पुढच्या बंपरच्या खालच्या ओठाजवळ न फोडता बाजूला फोडा. करवंटीचा तुकडा उडून पहिला टिचका तिथेच पडतो.

पार्किंगचं ‘काही प्रॉब्लेम नाही’ ऐकू नका, टेप घेऊन बसा. तीन मापं: पॅलेटच्या दोन कडांमधली आतली रुंदी, पॅलेटवर चढायच्या उंचवट्याची उंची आणि पाटीवर लिहिलेली वजनाची मर्यादा. एम२ची रुंदी आरसे धरल्याशिवाय १,८८७ मिलिमीटर, वजन सव्वासतराशे किलोच्या आसपास. वजनाला सहसा अडचण येत नाही. अडतं ते रुंद मागचे टायर पॅलेटच्या कडेला घासणं, आणि चढताना पुढची पट्टी. रिम घासला तर विमा कंपनीही वाद घालते. शोरूमला सांगा, डेमो गाडी आमच्या सोसायटीत आणा. कोटीची गाडी विकायची असेल तर आणतात. बेसमेंटचा उतार असेल तर उतार जिथे सपाटीला मिळतो तिथे उकिडवं बसून पोटाखालून बघा. स्पीडब्रेकरपेक्षा तिथेच जास्त गाड्या टेकतात. पोर्शे ९११ला पुढचा अ‍ॅक्सल उचलायचा ऑप्शन मिळतो, एम२ला नाही. त्यामुळे हा निर्णय बुकिंगच्या आधीचा आहे.

विमा आणि वाद

राहिलेला विषय माझा. शोरूमकडूनच विमा घ्या असं बंधन घालता येत नाही. पण ‘नाही’ म्हणण्याआधी त्यांचं कोटेशन घ्या, त्याच अ‍ॅड-ऑनसकट बाहेरून दुसरं घ्या आणि समोर ठेवा. बहुतेकदा तेच खाली येतात. मोठ्या दुरुस्तीत शोरूमच्या पॉलिसीला कॅशलेस सोपं जातं, हेही खरं.

नव्या गाडीला थर्ड पार्टी तीन वर्षांचा सक्तीचा, १५०० सीसीवर २४,५९६ रुपये अधिक जीएसटी. हा ठरलेला दर, इथे घासाघीस नाही. सगळा खेळ ओन डॅमेजमध्ये, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्यात. आयडीव्ही नव्या गाडीला एक्स-शोरूमच्या ९५ टक्के, म्हणजे तुमच्या गाडीला ९५ लाख. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर तेवढेच मिळणार. वर भरलेले २० लाख टॅक्सचे गेले. रिटर्न टू इन्व्हॉइस हे अ‍ॅड-ऑन याचसाठी, आणि आयात गाडीत ते सोडू नये. पॉलिसीच्या शब्दांत रोड टॅक्स धरलाय का ते वाचा, काही कंपन्या फक्त बिलाची रक्कम देतात.

झिरो डेप (क्लेममध्ये पार्ट्सवरचा घसारा न कापण्याची सोय) हवाच. इंजिन प्रोटेक्ट हवा: पाणी एअर इनटेकमधून आत गेलं की साध्या पॉलिसीत इंजिन धरत नाहीत. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की नदीकाठच्या सोसायट्यांची बेसमेंट्स भरतात, जुलै २०२४मध्ये एकतानगरीत काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. अशा वेळी पाण्यातली गाडी सुरू करायची नाही, नाहीतर क्लेम तिथेच संपतो. टायर आणि रिम कव्हरही घ्या. एम२ला मागे २८५/३० आर२० आहेत, म्हणजे रिम आणि खड्डा यांच्यामध्ये रबर फक्त साडेआठ सेंटिमीटर. पुढे २७५/३५ आर१९, त्यामुळे पुढचे-मागचे अदलाबदलही करता येत नाहीत.

जुन्या गाडीचा एनसीबी (क्लेम न केल्याचा बोनस) असेल तर ती विकताना रिटेन्शन लेटर काढा. तीन वर्षं चालतं आणि ओन डॅमेजवर ५० टक्क्यांपर्यंत सूट देतं. शोरूमवाले हे स्वतःहून विचारत नाहीत.

पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक संरक्षक फिल्म, गाडीच्या बिलात घालू देऊ नका. ‘पीपीएफ घेतली तर गाडी लवकर’ हे लेखी मागा, कुणी देणार नाही. बाहेरून करायची तर रोलचा सिरियल नंबर वॉरंटी कार्डवर हवा आणि फिल्म गाडीवर ठेवून ब्लेडने कापणार की प्लॉटरवर कापून आणणार ते आधी विचारा. ब्लेडची रेघ रंगात कायमची राहते. एक्सप्रेसवेवर जाण्याआधी निदान बंपर, बॉनेट आणि आरसे करून घ्या.

तक्रारीची वेळ आली तर आधी शोरूमच्या जनरल मॅनेजरला आणि कंपनीच्या कस्टमर केअरला एकाच ईमेलमध्ये, तारखा आणि जॉबकार्ड नंबर घालून. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. त्यापुढे ग्राहक आयोग: ५० लाखांपर्यंत जिल्हा, दोन कोटींपर्यंत राज्य, त्यावर राष्ट्रीय. तुमची केस राज्य आयोगात जाईल. मुदत दोन वर्षं. गाडी कंपनीच्या नावावर असेल तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला ‘हा ग्राहकच नाही’ म्हणून उभा राहतो, हेही त्या २० टक्के टॅक्सइतकंच विचारात घ्या.

सरळ सहा

एक राहिलं. एम गाडीला पहिले २,००० किलोमीटर ५,५०० आरपीएम आणि १७० किमीच्या आत ठेवायचं आणि २,००० झाले की इंजिन व डिफरन्शियलचं तेल बदलायची सर्व्हिस असते. ही पॅकेजमध्ये धरली आहे का ते बुकिंगच्याच ईमेलमध्ये विचारा, आणि झाल्यावर तिची नोंद कंपनीच्या सिस्टिममध्ये दिसते का ते बघा. पुढे विकताना जाणकार गिऱ्हाईक सगळ्यात आधी तीच नोंद मागतं.